कॅल्शियम फॉस्फेट (अशुद्ध)

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या मच्छिंद्रचा वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण पत्रातला साष्टांग कुणाला दिसत नाही, आणि खरोखर घातला तर मला उठवायला माणूस लागतो.) इकडे आम्ही जिवंत आहोत. तुमची शुगर कशी आहे, गुडघा काय म्हणतो, सुप्याच्या कंपनीत अजून उभं राहूनच काम करावं लागतं का, हे सगळं फोनवर विचारलं असतं. पण सहा महिने झाले, तुमचा नंबर लावला की ती बाई सांगते, आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. सहा महिने अखंड व्यस्त असलेला माणूस आपल्या खानदानात आजवर झालेला नाही, म्हणून तुम्ही मला ब्लॉक केलं असावं असा माझा अंदाज आहे. पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकतोय. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर आधी पुष्पावती वहिनींनी वाचलं असतं आणि तुमच्यापर्यंत नुसता सारांश पोचला असता. 'तुम्ही' लिहितोय याचं नवल वाटू देऊ नका. लहानपणी अरेतुरे केलं ते केलं, पण भांडण झालेल्या भावाला मान द्यायची रीत आहे.

मुख्य गोष्ट अशी की आईच्या अस्थी अजून माझ्याकडेच आहेत. फेब्रुवारीत ती गेली, आता ऑगस्ट लागला. तिची इच्छा तुम्हालाही पाठ आहे, कारण ती सांगताना तिनं आपल्या दोघांनाही खाटेजवळ उभं केलं होतं. "मला प्रवरासंगमाला सोडा, पन दोघांनी मिळून सोडा. येकट्यानं न्हेलं तर मी काय तिथं रमायची न्हाई." तिच्या पेटीबद्दलही तेच म्हणणं, दोघांनी मिळून उघडा, न्हाईतर उघडूच नगा. आपल्याला एका ताटात जेवायला बसवण्यात तिचा जन्म गेला, आणि आपला जन्म त्या ताटातल्या मोठ्या तुकड्याकडे बघण्यात गेला. तर पेटी तशीच बंद आहे आणि आई तशीच थांबली आहे. एवढा वेळ माणूस एस.टी. स्टँडवरसुद्धा थांबत नाही.

भांडणाचा इतिहास परत काढत नाही. (थोडा काढतो.) तिसऱ्या दिवशी आपण राख सावडून आलो, आंघोळी झाल्या, चहा झाला, आणि वहिनींना पेटीची आठवण झाली. पेटीची किल्ली आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची हे सगळ्या आळीला माहीत होतं. ती दोऱ्यासकट गायब. आईला आंघोळ घातली होती माझ्या जयमालानं आणि शेजारच्या छबूबाईनं. छबूबाईला विचारायची कुणाची छाती झाली नाही (तिचं तोंड तुम्हाला ठाऊक आहे), म्हणून वहिनी जयमालाकडे बघून म्हणाल्या, "ज्येनी आंगूळ घातली त्येलाच ठावं." तुम्ही काहीच बोलला नाहीत. बशीत चहा ओतून प्यालात आणि चारच्या गाडीनं निघून गेलात, ते दहाव्यालाही आला नाहीत. दहाव्याला दुपारचे दोन वाजले तरी कावळा शिवेना, भटजी घड्याळ बघायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. माझ्या मते आई तुमची वाट बघत होती. भटजींच्या मते त्या बाजूला कावळेच कमी झालेत. जयमाला मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या घरात चोरासारखी वावरते. पेटीच्या आजूबाजूचं झाडते, पण पेटीला हात लागू देत नाही. तिच्यावरची धूळसुद्धा तिनं सहा महिने पुसलेली नाही, न जाणो कुणी बघितलं तर.

आता अस्थी शाळेत कशा गेल्या ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरात आणायच्या नाहीत ही आपली रीत, म्हणून अस्थींचं गाडगं आणि राखेचं गाठोडं दारच्या लिंबाला टांगलं होतं. वळवाच्या वाऱ्यात एकदा गाडगं खाली येता येता राहिलं. गाठोड्याखाली तर कुत्री येऊन बसायला लागली आणि वर बघायला लागली. मे महिन्यात मी दोन्ही उचलून शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथं मी सत्तावीस वर्षं परिचर आहे. म्हणजे काचेची भांडी धुवायची, कपाटाला कुलूप लावायचं आणि शिक्षक म्हणतील ते पुढं करायचं. गाडगं लहान, ते फडक्यात बांधून वरच्या फळीवर सरकवलं. राख जास्त होती, ती एका मोठ्या काचेच्या बरणीत ओतली. (ओतताना मी डोळे मिटून घेतले होते. तेवढं धैर्य माझ्यात नाही.) इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. पण आमच्या प्रयोगशाळेत लेबल नसलेली बरणी मी एक दिवससुद्धा राहू दिलेली नाही, त्यावरून नव्या शिक्षकांना बोललोही आहे, आणि जूनमध्ये तपासणी यायची होती. लेबलावर लिहायचं काय? 'आई' लिहिलं तर साहेब चौकशी लावणार. 'राख' लिहिलं तर झाडणारी बाई उकिरड्यावर नेऊन टाकणार. हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं, हे मी दरवर्षी दाराबाहेर उभा राहून ऐकत आलोय. तेच लिहिलं, आणि त्यात सरणाच्या लाकडाची राख मिसळलेली, म्हणून कंसात 'अशुद्ध' लिहिलं. आईला अशुद्ध म्हणायच्या आधी पेन दोनदा खाली ठेवलं. पण खोटं लेबल लावणं माझ्या नोकरीत बसत नाही.

यंदा विज्ञानाला स्नेहल मॅडम नव्यानं आल्या आहेत. वय सव्वीस, उत्साह भयंकर. आधीचे सर मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हा आठवीचा धडा फळ्यावर तीन रकाने आखून वीस मिनिटांत उरकायचे आणि उरलेला तास कांद्याच्या भावावर बोलायचे. मॅडम म्हणाल्या, मुलांना स्वतःच्या हातानं करू दे. प्रत्येक गटाला लोहकीस, मीठ, वाळू आणि पाण्यात न विरघळणारी एखादी पावडर एकत्र कालवून द्यायची, आणि मुलांनी ते चारही पदार्थ वेगळे करून दाखवायचे. नेमका त्याच दिवशी मी संगमनेरला दाढ काढायला गेलो होतो आणि कपाटाच्या किल्ल्या आमचे मुख्याध्यापक राधाकृष्ण सर यांच्याकडे ठेवल्या होत्या. (वाटाण्याएवढी कीड होती दाढेत. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस झोपलात कसे? मी म्हणालो, झोपतो कोण.) चौथा पदार्थ शोधायला मॅडमनी कपाट उघडलं आणि समोर बरणी. न विरघळणारी, भरपूर, आणि लेबल स्वच्छ अक्षरात. मी दुपारच्या गाडीनं परत आलो तेव्हा गालात कापूस होता आणि अर्धं तोंड बधिर होतं. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर सहा टेबलांवर सहा गट आईला काचेच्या कांडीनं ढवळत होते.

मी ओरडलो. म्हणजे ओरडायला गेलो. बधिर तोंडातून जो काही आवाज निघाला तो मॅडमना कौतुकाचा वाटला, आणि त्या मुलांना म्हणाल्या, बघा, मच्छिंद्र काकांनासुद्धा आपला प्रयोग आवडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात हलवून नको नको म्हणतोय, तर त्यांना वाटलं काका नमस्कार करतायत. तेवढ्यात तिसऱ्या गटातली एक मुलगी चुंबक फिरवत होती, त्याला लोहकिसाबरोबर टक् करून एक काळी वस्तू येऊन चिकटली. तिनं फुंकर मारून बघितली आणि म्हणाली, "म्याडम, आमच्या मिश्रनात किल्ली हाय." लगेच बाकीच्या पाच गटांनी तक्रार केली की आम्हाला किल्ली दिलीच न्हाई. त्या मुलीची प्रयोगवही मी नंतर वाचली. मिश्रणातील घटक: लोखंड (कीस), लोखंड (किल्ली), मीठ, वाळू, पांढरट पावडर. मॅडमनी तिला दहापैकी दहा दिले आहेत, आणि मलाही त्यात काही चूक दिसत नाही.

मुलं गेल्यावर मॅडमना सांगायचं तर तोंड उघडत नव्हतं, म्हणून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'बरणीत माझी आई आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. बिचारीची काय चूक? लेबल माझं, अक्षर माझं. त्यानंतर दोन दिवस त्यांना डबा गेला नाही. आता त्या रोज येऊन विचारतात, काका, आई किती राहिल्या? वेगळ्या करायच्या किती राहिल्या, असा त्याचा अर्थ. कारण सहाच्या सहा गटांचं सगळं गोळा करून मी आणि मॅडम चार दिवस मधल्या सुट्टीत तेच करतोय. लोहकीस चुंबकानं निघाला. मीठ पाण्यात गेलं. वाळू जड म्हणून ती खाली बसते आणि आई वर तरंगत राहते, मग ते गढूळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि गाळायचं. तरी थोडी वाळू तिच्यात राहिलीच आहे. आणि राखेतला जो भाग विरघळला तो मिठाबरोबर गेला. ते पाणी मी मोरीत ओतू दिलं नाही. आटवून त्याचं मीठ पुडीत बांधून ठेवलंय. आळणी भाजी तिला कधी चालली नाही.

दादा, हा धडा मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकला, पण कधी अंगाला लागला नव्हता. मूलद्रव्य कितीही फोडलं तरी तेच राहतं. ती किल्ली एवढ्या आगीतून गेली, काळी पडली, जरा वाकली, पण लोखंड ते लोखंडच. संयुगात दोघं एकमेकांत असे मिसळतात की आधीचा कुठला कोण ते ओळखू येत नाही, आणि त्यांना वेगळं करायचं तर मोठा खटाटोप लागतो. मिश्रणात मात्र प्रत्येक जण आपापला गुण राखून नुसता शेजारी बसलेला असतो. आपलं घर संयुग आहे असं मी धरून चाललो होतो. एका कपभर चहानं चार वाजेपर्यंत वेगळं झालं, तेव्हा ते काय होतं ते कळलं. मॅडम मुलांना असंही सांगतात की जळलं म्हणून अणू नाहीसे होत नाहीत, नुसते दुसरीकडे जातात. म्हणजे आईतला कार्बन त्या दिवशी धूर होऊन गेला, तो नदीकाठच्या उसानं श्वासात ओढला असणार. तो ऊस येत्या हंगामात तुटेल, त्याची साखर होईल, आणि ती कुठं जाईल ते सांगता येत नाही. तुम्ही शुगर असूनही चहात दोन चमचे घालता, वहिनींची नजर चुकवून. यंदा घालताना जरा विचार करा.

तर आता मुद्द्यावर येतो, आणि कडक शब्दांत येतो. किल्ली राखेत सापडली. म्हणजे ती जयमालानं घेतली नव्हती. तुम्ही विचाराल, मग ती सरणात गेली कशी? आई मूठ आवळून गेली होती, तिच्या मुठीत असणार. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. सहा महिने माझ्या बायकोवर आळ घेतला गेला, तिनं या सहा महिन्यांत एका लग्नाला, एका बारशाला पाय ठेवला नाही, बायका कुजबुजतात म्हणून. वहिनींनी घरी येऊन छबूबाईच्या देखत तिची माफी मागितली पाहिजे. आणि तुम्हीही, दादा. तुम्ही बोलला नाहीत म्हणून सुटला असं होत नाही. जो गप्प बसून चहा पितो तो वाईट बोलणाऱ्यापेक्षा कमी दोषी नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी कुणासमोरही मांडायला तयार आहे. येत्या रविवारी या. आधी पेटी दोघांनी मिळून उघडू, मग प्रवरासंगमाला जाऊ. तुम्ही नाही आलात तर आईला आणखी किती दिवस कपाटात ठेवू ते मला कळत नाही. पुढच्या महिन्यात आम्लांचा धडा आहे.

वहिनींना नमस्कार. (सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा.)

बाकी सर्व बाबतींत आपला आज्ञाधारक,
मच्छिंद्र

ता. क. येताना कंपनीतून बारीक कानस आणि थोडं तेल आणा. किल्ली वाकल्यामुळे कुलपात अर्धीच जाते. मी जोर लावलेला नाही, फक्त जाते का ते बघितलं. तेसुद्धा जयमालाला समोर उभं करून.

ता. क. बरणीचं लेबल बदललं आहे. आता 'हात लावू नये' एवढंच लिहिलंय. राधाकृष्ण सर म्हणाले, पदार्थाचं नाव नाही. मी म्हणालो, सर, नाव माहीत आहे, पण शुद्धतेची खात्री देता येत नाही. कपाटाचं दार हळूच लावून ते निघून गेले. त्यांचीही आई गेल्या वर्षी गेली.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितोय. दादा, आता तुला तुम्ही म्हणवत नाही.

किल्ली मीच तिच्या मुठीत ठेवली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात एक्स-रे काढायचा म्हणून सिस्टरनं तिच्या गळ्यातला दोरा कापून किल्ली माझ्या हातात दिली. तू तोवर कंपनीत पाळीला निघून गेला होतास. त्याच्या आधी तासभर आपण दोघं तिच्या पायथ्याशी उभं राहून पेटीत काय असेल आणि ते कुणाचं, यावरून हमरीतुमरीवर आलो होतो, ती झोपली आहे असं समजून. ती झोपली नव्हती. एक्स-रेला नेताना मला म्हणाली, "समदं ऐकलं मी." बस, तेवढंच. संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सरणावर तूप घालताना तुम्ही सगळे विस्तवाच्या मडक्याच्या धुरामुळे मागं सरकलात, तेव्हा मी खिशातून काढून किल्ली तिच्या बोटांत सरकवली. वाटलं, घेऊन जाऊ दे तिची तिला, म्हणजे भांडणच राहणार नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी जे बोलल्या तेव्हा मी तिथंच होतो. तेव्हा माझ्या गालात कापूस नव्हता.

किल्ली राखेत सापडली हे जयमालाला सांगितलं तेव्हा ती रडली. मग म्हणाली, "चूक माझीच हाय. आत्याबाईंची मूठ उघडून बघाया पायजे हुती मी." आता रोज सकाळी आईच्या फोटोपुढं हात जोडून उभी राहते. आत्याबाईंनी जाता जाता माझी अब्रू राखली, असं छबूबाईला सांगत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं पेटी पुसली. मी त्या खोलीत जात नाही. ओसरीवरच जेवतो, दाढेचं कारण सांगून.

माफीचं वर जे लिहिलं ते खोडायला पाहिजे, पण मग सगळं पत्रच खोडावं लागेल. रविवारी ये. मी तिला सांगणार आहे, आणि मला ते एकट्यानं जमणार नाही. तू काही बोलू नकोस, बशीत चहा ओतून पीत बस. फक्त चारच्या गाडीनं जाऊ नकोस.